बाबांचा कच्चा नकाशा

आमच्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर जेवलेलं मला फारसं आठवत नाही. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिलं एक वर्ष जेवलो असू. मग माझे सासरे निवृत्त झाले आणि टेबल त्यांच्या ताब्यात गेलं. तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर दाटीवाटीनं बसतो आणि टेबलावर नक्षीचे कागद ऐसपैस पसरलेले असतात. फुलाफुलांचे, ठिपक्यांचे, चौकड्यांचे, रेघारेघांचे. भिंतीला लावायच्या कागदांच्या दुकानात नमुन्यांची जाडजूड पुस्तकं असतात. ती जुनी झाली की दुकानदार टाकून देतो आणि बाबा उचलून आणतात. कुणाच्या घरी भेटवस्तू उघडत असतील तर हे शेजारी जाऊन बसतात आणि "हळू, हळू, चिकटपट्टी नखानं काढा" असं बजावत राहतात. आतून काय निघालं याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. कागद घडी करून खिशात गेला की ते निघाले.

या कागदांची ते शुभेच्छांची कार्डं करतात. विकत नाहीत, वाटतात. घरातले, शेजारचे, दातांचे डॉक्टर, केस कापणारा, टपालवाला, सगळ्यांचे वाढदिवस त्यांच्याकडे लिहिलेले आहेत. टपालवाल्याला त्याच्या वाढदिवशी त्याच्याच हातात कार्ड मिळालं तेव्हा त्यानं सवयीनं पत्ता वाचला आणि म्हणाला, "हे इथलं नाही."

नोकरीत असताना बाबा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. शहराच्या पोटात कुठून कुठे नळ गेलाय, किती खोल आहे, कुठे वळलाय, ते सगळं कागदावर उतरवायचं. छत्तीस वर्षं त्यांनी जमिनीखालचं जग मिलिमीटर न चुकता आखलं. जमिनीवरच्या जगाशी त्यांचा संबंध तसा बेताचाच आला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, आणि तो बेताचा संबंध जो काही होता तो त्यांच्यामार्फतच होता असं माझा नवरा म्हणतो.

आता कार्ड करणारे इतर लोक काय करतात? कागद कापतात, चिकटवतात, वर चमकी टाकतात आणि मोकळे होतात. बाबांचं तसं नाही. आधी नकाशा हवा. तोही खऱ्या कार्डाच्याच मापाचा, तसाच घडी घातलेला, तितक्याच जाडीच्या पांढऱ्या कागदावर. त्यावर पेन्सिलीनं चौकोन आणि पट्ट्या आखायच्या, कुठे कुठला कागद बसणार त्याला अ, ब, क अशी अक्षरं द्यायची, मापं टाकायची आणि कडेनं टिपा लिहायच्या. टिपा म्हणजे ज्याला कार्ड जाणार त्या माणसाबद्दल स्वतःला दिलेल्या सूचना. एका माणसाचे पाच-सहा कच्चे नकाशे होतात, मग एक पक्का होतो, मग कात्री हातात.

या टिपा कुणी वाचायच्या नसतात. मी वाचल्या. कपाटात इस्त्रीचं कापड शोधत होते आणि माझ्या नावाची फाइल सापडली. अशा वेळी जी बाई फाइल परत ठेवते ती मी नव्हे. माझ्यासाठी केलेल्या पहिल्या कार्डाच्या नकाशावर बारीक, सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "सूनबाई घाईच्या आहेत. पाकीट फाडणार. कार्डाची वरची कड जाड ठेवणे." मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात, जिथे मी स्वागतकक्षात बसते, एका रुग्णाच्या तपासणीचा अहवाल पाकिटासकट फाडला आणि मनातल्या मनात बाबांना माफ केलं. नवऱ्याच्या फाइलीत लिहिलं होतं: "कल्पनाशक्ती कमी, पण मनानं चांगला. निळा." यावर मला काहीच जोडावंसं वाटलं नाही.

पण सगळ्यात जाड फाइल होती ती बाबांच्या थोरल्या बहिणीची. म्हणजे माझ्या आतेसासूची. आम्ही तिला आत्याच म्हणतो. आणि ती बाबांशी अकरा वर्षं बोलत नव्हती.

आत्या शिवणकाम करायची. चार बायका हाताखाली होत्या, नाव होतं. कापड समोर पसरायचं, गिऱ्हाइकाकडे एकदा खालून वर बघायचं आणि कात्री चालवायची. टेप गळ्यात असायची, पण ती शोभेला. बाबा मिलिमीटरचे आणि बहीण नजरेची, त्यामुळे लहानपणापासून दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही आणि एकमेकांशी पटायचंही नाही. बाबांना पहिली नोकरी लागली तेव्हा आत्यानं त्यांना सदरा शिवून दिला. बाबा म्हणतात, डावी बाही दीड सेंटिमीटर आखूड होती. आत्या म्हणते, डावा हातच आखूड आहे.

भांडण झालं ते कार्डावरूनच. आजोबा, म्हणजे या दोघांचे वडील, नव्वद वर्षांचे झाले. बाबांनी मोठं कार्ड करायला घेतलं. आत सगळ्या घरानं सह्या करायच्या आणि मग चारही कडा यंत्रावर एकदा कापून सफाईदार करायच्या. सही करणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी बजावलं, कडेपासून दहा मिलिमीटर सोडा. मला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, आजोबांच्या दोन नातींना सांगितलं. आत्यानं सही केली ती उजव्या कडेला अगदी खेटून. बाबांनी कापलं. आत्याचं अर्धं नाव कार्डावर राहिलं आणि अर्धं केराच्या टोपलीत गेलं.

दुसऱ्या कुणीही काय केलं असतं? नवीन कागद घेतला असता, परत सह्या मागितल्या असत्या. बाबांनी कार्ड तसंच दिलं. सगळे जमलेले असताना आजोबांनी जाड चष्म्यातून एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि शेवटी विचारलं, "ही अर्धी कोण?" अख्खी खोली हसली. आत्या हसली नाही.

"माझं नाव कापलंस?" तिनं विचारलं.

यावर बाबांनी जे उत्तर दिलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला होता. ते म्हणाले, "ताई, मी दहा मिलिमीटर सोडायला सांगितलं होतं."

आत्यानं पर्स उचलली आणि निघून गेली. दोन वर्षांनी आजोबा गेले तेव्हा ती आली, सगळ्यांशी बोलली, मला जवळ घेऊन रडली. बाबा समोर उभे होते. त्यांच्याकडे तिनं भिंतीकडे बघावं तसं बघितलं.

त्यानंतर दर वर्षी आत्याच्या वाढदिवसाला बाबांचं कार्ड जायचं. एकाचंही उत्तर आलं नाही. एकही परत आलं नाही. बाबा आठवडाभर टपालवाल्याला विचारायचे, "पोचलं असेल ना?" तो म्हणायचा, "पोचलंच असणार." आणि बाबा पुढच्या वर्षीचा नकाशा काढायला बसायचे. आत्या राहते कुठे? याच शहरात. आमच्या कोपऱ्यावरून बसनं चाळीस मिनिटं.

"बाबा, बसनं जा ना एकदा," मी दर वर्षी म्हणायची.

"जाईन," ते म्हणायचे. "कार्ड होऊ दे."

यंदा मात्र गोष्ट वेगळी झाली. आत्याच्या लेकीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, परदेशातून फोन आला. आईला कायमचं स्वतःकडे नेत होती. घर विकून झालं होतं, सामान बांधायला घेतलं होतं, आणि आत्याच्या वाढदिवसानंतर बारा दिवसांनी विमान होतं. नवऱ्यानं फोन ठेवून हे सांगितलं तेव्हा बाबांच्या एका हातात निळा चौकड्याचा कागद होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, कडा जुळवल्या आणि विचारलं, "अंतर किती?"

"विमानानं नऊ तास."

"टपालाला किती लागतील?"

मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. बहीण चालली, कदाचित पुन्हा दिसणार नाही, वय चौऱ्याहत्तर, आणि हे टपालाचे दिवस मोजतायत. पण रात्रीची ताटं मांडीवर आली तेव्हा बाबांनी जेवण तसंच ठेवलं. भूक नाही म्हणाले. वरणभात असो नाहीतर काहीही असो, पानात टाकणं हा प्रकार मी त्यांच्याकडून कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून नकाशे सुरू झाले. पाच झाले, दहा झाले, पंचवीस झाले. बाबा सकाळी बसायचे ते मी कामावरून येईपर्यंत तिथेच. खोडरबराचा चुरा जमिनीवर, चष्मा कपाळावर, आणि तोंडानं पुटपुटणं चालू. चाळीस झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, एवढ्या वेळात तुम्ही आत्याकडे चालत जाऊन परत आला असता."

"आतली जागा जमत नाहीये," ते म्हणाले.

"आतली म्हणजे?"

"मजकुराची," म्हणाले आणि कागदावर हात आडवा धरला.

एक्केचाळिसावा नकाशा पक्का ठरला. त्यावरून कार्ड झालं. सकाळी कामावर जाताना मी ते डोळे भरून पाहिलं. खरंच सुरेख होतं. मग बाबांनी ते डिंक वाळायला दोन जाड शब्दकोशांच्या मध्ये दाबून ठेवलं आणि पाकीट करायला घेतलं. आता त्यांची आणखी एक पद्धत सांगते, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. पाकीट मापात आहे की नाही हे बघायला ते त्यात खरं कार्ड घालत नाहीत, मळेल म्हणून. ते एखादा कच्चा नकाशा घालून बघतात. माप तेच, जाडी तीच. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं, नकाशा आत सरकवला, बरोब्बर बसला, आणि बाबा समाधानानं आंघोळीला गेले.

तेवढ्यात मी कामावरून आले. टेबलावर पाकीट. पत्ता आत्याचा. तिकीट लावलेलं. उचलून वरूनच चाचपलं तर आत कार्ड. माझ्या डोक्यात एकच विचार आला, आता हे आंघोळ करून येतील, उघडून बघतील आणि बेचाळिसावा काढायला बसतील. वाढदिवस चार दिवसांवर आला होता. मी झाकणाला जीभ लावली, पाकीट चिकटवलं, पाव आणायच्या निमित्तानं खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. इतकी खूश होते की येताना जिलेटीनच्या कागदातली एक चॉकलेटची वडी स्वतःला घेतली. कागद बाबांसाठी जपून उघडला.

घरात आले तर बाबा केस पुसत टेबलापाशी उभे. शब्दकोशातून काढलेलं कार्ड त्यांच्या हातात.

"सूनबाई, पाकीट कुठाय?"

"टाकलं ना!" मी म्हटलं. मग माझी नजर त्यांच्या हाताकडे गेली. "हे काय आहे?"

"हे कार्ड आहे," बाबा म्हणाले.

मला माझ्या फाइलीतली "घाईच्या आहेत" ही ओळ आठवली आणि भीत भीत विचारलं, "बाबा, त्या नकाशावर टिपा आहेत?"

"आहेत."

"किती?"

"सगळ्या."

पेटीपर्यंतची वाट आम्ही पळतच काढली. सत्तर वर्षांचा माणूस स्लिपर घालून पळतोय आणि मागे मी एका हातात पाव घेऊन. वाटेत त्यांना जशा आठवतील तशा टिपा ते मला सांगत होते. "गुलाबी नको, गुलाबी रंगाला ती म्हाताऱ्या बायकांचा रंग म्हणते, हे लिहिलंय. पुढे कंसात तिचं वय लिहिलंय." थोडं पळून झाल्यावर, "फुलं नकोत, कारण तिला फुलं काढता येत नाहीत आणि दुसऱ्यानं काढलेली बघवत नाहीत." पेटी दिसायला लागली तेव्हा, "'क' पट्टी तीन मिलिमीटर तिरकी ठेवणे, चूक सापडली की तिला बरं वाटतं."

"आणखी?" मी धापा टाकत विचारलं.

"आतलं नको विचारू."

पेटीची फट बघून बाबांनी लगेच गणित मांडलं. ते म्हणाले, फट तीस मिलिमीटर, हात सपाट ठेवला तर सत्तावीस, जाईल. गेला. मनगटापर्यंत गेला, त्याच्याही पुढे गेला, आणि बोटांना काहीतरी लागलं. त्यांनी ते पकडलं. सपाट हात त्यांनी मोजला होता, मूठ मोजली नव्हती. हात अडकला.

"सोडा ते, बाबा!"

"सापडलंय."

"सोडलं तर हात निघेल!"

"सोडलं तर पाकीट जाईल."

पेटीशेजारच्या दुकानातून लाँड्रीवाला बाहेर आला. त्याच्यामागून दोन गिऱ्हाइकं आली. एक बाई म्हणाली, साबण लावा. लाँड्रीवाल्यानं साबण आणला आणि बाबांच्या मनगटाला लावला. बाबा त्याला सांगत होते की साबणानं कागदावर डाग पडतो. अशा परिस्थितीत चारच्या टपालाची गाडी आली आणि त्यातून आमचा नेहमीचा टपालवाला उतरला. त्यानं आधी बाबांकडे बघितलं, मग हाताकडे, आणि किल्ली काढून पेटीचं दार उघडलं.

"काका, ते सोडा," तो आत बघून म्हणाला. "विजेचं बिल आहे कुणाचं तरी."

बाबांनी सोडलं. हात बाहेर आला. मग मी टपालवाल्याला सगळं समजावून सांगितलं आणि हात जोडले की ते निळ्या तिकिटाचं पाकीट तेवढं परत द्या. तो भला माणूस आहे, पण त्यानं मान हलवली. "वहिनी, पेटीत पडलं की ते ज्याच्या नावाचं त्याचं. माझ्या हातात नाही." पिशवी गाडीत टाकताना तो बाबांना हळूच म्हणाला, "उद्या पोचेल. आणि तुम्ही मला दिलेल्या कार्डात आत एक झाकण आहे ना, ते मला अजून उघडता आलेलं नाही."

पुढचे तीन दिवस बाबा टेबलाकडे फिरकले नाहीत. नक्षीचे कागद त्यांनी स्वतःच्या हातानं गोळा केले, पेटाऱ्यात भरले आणि टेबल पुसून काढलं. आम्ही टेबलावर जेवलो. नवरा म्हणाला, "आत्या बोलत नव्हतीच, आता जास्तीत जास्त काय होईल, अजून बोलणार नाही." कल्पनाशक्ती कमी. बाबा ताटाकडे बघून म्हणाले, "कार्डं ती ठेवून घेत होती. आता तेही करणार नाही." ते ऐकून मला स्वतःला चार फटके मारावेसे वाटले. अकरा वर्षं एक बारीक धागा टिकून होता आणि तो मी पाव आणायला जाताना तोडून टाकला होता.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. रविवार होता. मी दार उघडलं. बाहेर आत्या, कपाळावर घाम, काखेत पर्स, आणि हातात तो नकाशा. मला ती "बाजूला हो गं" एवढंच म्हणाली. आत गेली, टेबलापाशी बसलेल्या बाबांच्या समोर उभी राहिली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"बटण कुठाय?"

बाबा उठून उभे राहिले.

"इथे गोल काढलाय आणि लिहिलंय," तिनं नकाशा डोळ्यांजवळ धरला, "'बटण. ताईनं शिवलेल्या पहिल्या सदऱ्याचं. एकच उरलंय. लावावं का? लावावं.' मग कुठाय? पाकीट झटकून बघितलं मी. दोनदा."

"ते कार्डावर आहे," बाबा म्हणाले. "हा कच्चा नकाशा आहे. चुकून गेला."

"चुकून," आत्या म्हणाली. खुर्ची ओढून बसली, पर्समधून चष्मा काढला. "बरं. मग हे पण चुकूनच असेल. 'गुलाबी नको.' गुलाबी मला चांगला दिसतो. लग्नात काय नेसले होते? 'वय चौऱ्याहत्तर.' हे कंसात कशाला, मोठ्या अक्षरात लिहायचं! 'पाकीट मोठं करणे, उजवा अंगठा दुखतो, झाकण सैल हवं.' हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या लेकीनं. मी फोन करतो तिला. महिन्यातून एकदा."

आत्यानं चष्मा खाली घेऊन बाबांकडे बघितलं. हे मलाही माहीत नव्हतं. मग तिनं नकाशाची घडी उघडली आणि आतला भाग वाचला. आवाज आता तेवढा चढा नव्हता.

"'इथे माफी. चार ओळी. कशी लिहितात? सूनबाईंना विचारावं. नको, हसतील.'"

मी दारापाशीच उभी होते. त्या वाक्यानं मला इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना. तेरा वर्षं मी या माणसाची थट्टा केली होती, त्याच्यासमोर आणि त्याच्या पाठीमागे, आणि मला वाटायचं त्यांना ती कळत नाही.

"मग जमलं का?" आत्यानं विचारलं. "आण ते कार्ड."

बाबांनी कपाटातून कार्ड आणलं. आत्यानं निळ्या चौकड्यावरून बोट फिरवलं, तिरकी पट्टी बघितली. बटणावर अंगठा ठेवला. मग आत उघडलं. आत, मोजून चार ओळींची जागा मोकळी होती आणि तिच्या मधोमध छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

"एवढंच?"

"जागा पुरेना," बाबा म्हणाले.

"इथे एक रिक्षा उभी राहील!"

बाबांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता दहा मिलिमीटर म्हणतात. मी मनात म्हटलं, देवा, आज नको.

"ताई, चुकलं माझं," ते म्हणाले. "मला दिसलं होतं. कापल्यावर नाही, कापायच्या आधी. तुझं नाव पात्याखाली येतंय हे मला दिसत होतं. तरी कापलं."

"का?"

"माप ठरलेलं होतं."

नवराही आतून येऊन उभा राहिला होता. आत्यानं कार्ड मिटून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "आणि मी मुद्दाम कडेला केली होती सही."

"मुद्दाम?"

"तीनदा सांगितलंस तू मला. दहा मिलिमीटर, दहा मिलिमीटर. आयुष्यभर कापड कापून पोट भरलेल्या बाईला तीनदा! मी म्हटलं, आता बघूच काय करतोस."

"म्हणजे तुझीही चूक होती?" बाबांचा चेहरा असा उजळला की मी डोळे मिटून घेतले.

"तुझी जास्त होती!"

"हो, माझी जास्त होती," बाबा घाईघाईनं म्हणाले, आणि आत्या हसायला लागली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? चहा कर."

चहा होईपर्यंत तिनं पर्समधून सुईदोरा काढला होता. तो तिच्याकडे कायम असतो. कार्डावरचं बटण तिनं दोरा कापून सोडवलं आणि नकाशावरच्या पेन्सिलीच्या गोलात शिवायला घेतलं.

"ताई, मध्यबिंदू!" बाबा ओरडले. "खूण केलीय तिथे!"

"दिसतंय मला," आत्या म्हणाली आणि नजरेनंच सुई घातली. बाबा जवळ वाकून बघत होते. बटण दोनेक मिलिमीटर डावीकडे बसलं, हे मलासुद्धा दिसलं. बाबांनी फक्त दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"कार्ड तुझ्याकडेच ठेव," ती निघताना म्हणाली. "शुभेच्छा मला लेकही देते. हा कच्चाच मी नेणार." नकाशा पर्समध्ये गेला. दारात तिनं चपला घातल्या, नवऱ्यानं बसपर्यंत सोडतो म्हटलं तर नको म्हणाली. मग बाबांना म्हणाली, "फोन करत जा."

"किती वाजता?"

"मोजू नकोस रे. कर."

"नंबर तोच आहे?"

"घरच्या तारेच्या फोनचाच. अजून चौदा दिवस चालू आहे. पाठ आहे का?"

"पाठ आहे," बाबा म्हणाले.

"बारा दिवस," माझा नवरा म्हणाला.

कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आत्या जिना उतरली. बाबा गॅलरीत जाऊन ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले. मी कपबश्या उचलल्या, धुतल्या, पुसून ठेवल्या आणि बाहेर आले तर ते फोनपाशी बसलेले, रिसीव्हर कानाला. पलीकडे घंटी वाजत होती ती मला इथपर्यंत ऐकू येत होती.

"अहो बाबा," मी म्हटलं, "आत्या अजून बसमध्येच असतील. घरी कुणी नाहीये."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि वाजू दिली.